तालाचे ऋण

पेडणे तालुक्यातील धारगळ येथे २०२४ च्या डिसेंबरअखेर ‘सनबर्न’ हा नृत्यसंगीताचा महोत्सव झाला. गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आवाज, वाहनांची कोंडी, अमली पदार्थ यांची चर्चा पार्सेपासून पणजीपर्यंत झाली व ती रास्तच होती. परंतु ज्या मातीवर असे रंगमंच उभे राहतात, तिच्या तालाला तेथे स्थान कोणते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

परके संगीत म्हणून नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. बाहेरचा सूर आपलासा करणे ही गोमंतकाची जुनी रीत आहे. प्रश्न उसनवारीचा नसून ती प्रामाणिकपणे फेडण्याचा आहे. या दृष्टीने अमेरिकेतील एक जलसा विचार करण्याजोगा आहे. ‘टॉकिंग हेड्स’ या न्यूयॉर्कच्या रॉक वाद्यवृंदाने डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस नाट्यगृहात केलेल्या कार्यक्रमांवर जोनाथन डेमी यांनी काढलेला ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ हा चित्रपट २०२३ साली पुन्हा पडद्यावर आला. आरंभी डेव्हिड बर्न एकटेच गिटार घेऊन येतात. मग गाण्यागणिक साथीदार वाढत नऊ जण होतात. मूळचे चौघे गोरे, नंतर आलेले पाचही कृष्णवर्णीय. त्यांत ‘फंक’ संगीताचे नामवंत वादक बर्नी वॉरेल.

‘फंक’मध्ये सारा भार पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या समेवर असतो. आफ्रिकी घडणीत अनेक लहान ठेके एकमेकांत गुंफले जातात. ही घडण या वाद्यवृंदाने नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या संगीतावरून उचलली. पण १९८० ची ध्वनिमुद्रिका काढताना आफ्रिकी संगीतावरील ग्रंथांची यादीच वृत्तपत्रांच्या हाती दिली. ऋण लपविले नाही, आणि त्या परंपरेच्या वारसांना रंगमंचावर बरोबरीने उभे केले.

आम्हांला ही घडण अनोळखी नाही. चवथीच्या आरतीत घुमट, शामेळ व कासाळे यांचे ठेके असेच एकमेकांत मिसळतात. आफ्रिकाही परकी नाही. ज्या सत्तेच्या जोखडातून आम्ही १९६१ साली सुटलो, तिच्याच जोखडातून मोझांबिक व अंगोला १९७५ साली सुटले. वन्यजीव कायद्याने घोरपडीचे कातडे निषिद्ध झाल्यावर बकऱ्याचे कातडे मढवून घुमट टिकविण्यात आले. २०१९ साली त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. परंतु केवळ घोषणेने ना कुंभाराची भट्टी पेटते, ना वादकाची चूल.

म्हणूनच मोठ्या जलशांना परवाना देताना सरकारने आवाजाची मर्यादा कठोरपणे पाळावयास लावावीच. त्याचबरोबर तालुक्यातील घुमटवादकांना मुख्य रंगमंचावर, मुख्य वेळी आणि योग्य मानधनासह स्थान देण्याची अटही घालावी. पाहुण्यांचे ढोल आमच्या अंगणात जरूर वाजोत. पण पेडण्याच्या तरुणाच्या वाट्याला तेथे केवळ वाहने लावून देण्याचे काम येणार असेल, तर त्या उत्सवाला गोव्याचा उत्सव म्हणता येणार नाही.