महर्षी ते महामहीम

मराठी वर्तमानपत्रांची एक गंमत आहे. कॉलेज काढणाऱ्या माणसाच्या वाढदिवसाची पुरवणी असेल तर तो 'शिक्षणमहर्षी', आणि अग्रलेखात झोडायचा असेल तर तोच 'शिक्षणसम्राट'. माणूस तोच, फक्त पान वेगळं. डॉ. डी. वाय. पाटील यांच्या वाट्याला हे दोन्ही शब्द भरपूर आले. २००९ साली त्यांना तिसरा मिळाला: महामहीम. आधी त्रिपुरा, मग २०१३ पासून बिहार, आणि २०१४ च्या जुलैत थोडे दिवस पश्चिम बंगालचाही कार्यभार. माझं भांडण या तिसऱ्या शब्दाशी आहे.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर मित्रमंडळी लगेच टाळ्या वाजवायला लागतील. 'शिक्षणसम्राट म्हणजे सगळे दुकानदार' ही आपल्याकडची ठरलेली शेरेबाजी मला मान्य नाही. ती करणाऱ्यांतले निम्मे तरी याच दुकानातून डिग्री घेऊन बाहेर पडलेत. मीसुद्धा. १९८३ च्या आधी महाराष्ट्रात इंजिनियर व्हायचं म्हणजे पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकी नावं. तिथे नंबर लागला नाही आणि बापाकडे पैसे असले तर गाडी कर्नाटकात. बाप गरीब असला तर बीएस्सी करा आणि बँकेच्या परीक्षा द्या. वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि दोनेक वर्षांत चित्र पालटलं. डी. वाय. पाटलांची कोल्हापूर, पिंपरी, नवी मुंबईची कॉलेजं त्याच लाटेतली. आमच्या नाशकात १९८४ साली के. के. वाघ आलं, तेही त्याच लाटेतलं. नाशिक-पुण्याच्या आयटी कंपन्यांतून १९८३ नंतरच्या कॉलेजांतली पोरं वजा केली तर उरेल काय? कॅन्टीन.

तेव्हा कॉलेजं काढली याबद्दल त्यांना हवा तेवढा मान द्या. देणगीचा प्रश्न होताच, आणि तो काही एका माणसाचा नव्हता. कॅपिटेशन फी बंद करायला राज्याला १९८७ मध्ये कायदा करावा लागला आणि १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाला फ्री सीट-पेमेंट सीटची विभागणी करावी लागली, यावरून काय ते समजा. असो.

आता मुद्द्याचं. डी. वाय. मूळचे राजकारणातलेच. कोल्हापुरात नगरसेवक, मग १९६७ आणि १९७२ मध्ये पन्हाळ्यातून काँग्रेसचे आमदार. शिक्षणसंस्था त्यानंतरच्या. १९९१ ला पद्मश्री मिळाली आणि लवकरच ती कॉलेजांच्या पाट्यांवर नावाआधी चढली. खरं तर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पद्म पुरस्कार ही पदवी नाही, ती नावाला जोडू नका. इथे मात्र माणसाच्याच काय, अख्ख्या विद्यापीठाच्या नावाला ती जोडली गेली! २००२ ते २००५ या काळात त्यांच्या नवी मुंबई, पिंपरी आणि कोल्हापूरच्या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे २००९ मध्ये राजभवनात गेले ते नुसते शिक्षक नव्हते की नुसते शिक्षणतज्ज्ञ. एकाच नावाच्या तीन विद्यापीठांचे ते संस्थापक होते.

'मग बिघडलं काय? राज्यपाल म्हणजे शोभेचं पद. झेंडावंदन, चहापान, शपथविधी.' हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. अर्धसत्य आहे. बहुतेक राज्यांत राज्यपाल हा सरकारी विद्यापीठांचा पदसिद्ध कुलपती असतो, आणि कुलपती कुलगुरू नेमतो. आपल्या भाषेत सांगायचं तर युजर दिसतो रीड-ओन्ली, पण कुठल्या तरी जुन्या ग्रुपमधून त्याला अ‍ॅडमिन राइट्स आलेले असतात आणि ते काढायचं कोणाच्या लक्षात नसतं. बिहारमध्ये हे राइट्स किती खरे आहेत ते सगळ्या देशाने पाहिलं. आधीचे राज्यपाल देवानंद कोंवर यांनी केलेल्या कुलगुरूंच्या नेमणुका ऑगस्ट २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केल्या, कारण राज्य सरकारशी नीट सल्लामसलत झाली नव्हती. त्या वेळी पाटण्याच्या राजभवनात, त्या विद्यापीठांचे कुलपती म्हणून, डी. वाय. पाटील बसलेले होते.

जरा थांबून हे परत वाचा. ज्याच्या नावाची खासगी विद्यापीठं एका राज्यात चालतात, तो दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचा प्रमुख. त्यांनी तिथे काही गैर केलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसं म्हणायला काही आधारही नाही. मी म्हणतोय ते नेमणाऱ्यांबद्दल. हा प्रश्न विचारण्याजोगा आहे हे तरी दिल्लीत कोणाला वाटलं का? घटनेच्या १५८ व्या कलमात राज्यपालाने दुसरं लाभाचं पद घेऊ नये एवढंच आहे. शिक्षणसंस्थेचा ट्रस्ट त्यात कुठे बसतो? बसत नाही. सरकारिया आयोगाने १९८८ मध्येच सुचवलं होतं की राज्यपाल नामवंत असावा, बाहेरच्या राज्यातला असावा आणि अलीकडच्या राजकारणात फार गुंतलेला नसावा. 'नामवंत' आणि 'बाहेरचा' या दोन खणांत टिकमार्क झाले. तिसऱ्या खणाचं काय? मुलगा सतेज पाटील २००४ पासून आमदार आणि २०१० नंतर महाराष्ट्रात राज्यमंत्री, पक्ष तोच. पण तो खण कधीच कोणी भरत नाही. काँग्रेसने भरला नाही आणि नंतर आलेल्यांनीही भरला नाही.

आणि शिक्षणाचाच सन्मान करायचा होता ना? मग आमच्या नाशकातच बघा. १९८९ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे इग्नूचेही. बारावी न झालेल्या माणसाला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला बसता येईल ही सोय त्या विद्यापीठाने केली. कंडक्टर, हवालदार, लग्नानंतर शाळा सुटलेल्या बायका यांच्यासाठी. ताकवले सर २०२३ मध्ये गेले. त्यांच्या नावाचं ना मेडिकल कॉलेज, ना स्टेडियम. राजभवनाची यादी करताना असं नाव कोणाला आठवत नाही, कारण यादी पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून होते आणि या माणसांकडे कोणाला बसवायला खुर्च्याच नसतात.

'शिक्षणक्षेत्रातील योगदान' हे शब्द अशा वेळी किती स्वस्त होतात! वर्गात शिकवलेलं योगदान वेगळं, अभ्यासक्रम घडवणं वेगळं, आणि जमीन मिळवून, परवानगी आणून, इमारत बांधून संस्था चालवणं वेगळं. तिसरं काम सोपं नाही, मी तर सात जन्मांत करू शकणार नाही. पण ते उद्योजकाचं काम आहे. त्याला उद्योजकाचा पुरस्कार द्या. कुलपतीची सही देऊ नका.

उपाय नवा नाही. पुंछी आयोगाने २०१० मध्येच सांगितलं की राज्यपालांवर कुलपतिपदासारखी घटनेबाहेरची ओझी टाकू नका. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये कुलगुरू नेमण्याचे राज्यपालांचे अधिकार आवळणारं विधेयक मंजूर केलं, पुढे सरकार बदललं आणि ते मागे पडलं. तेव्हाही चर्चा 'राज्यपाल विरुद्ध मुख्यमंत्री' एवढीच झाली. राज्यपालांऐवजी मंत्री बसवले तर संस्थाचालकांना मलबार हिलचा चढ चढायला नको, मंत्रालय सपाटीवरच आहे, हे कोणी बोललंच नाही. अर्धे मंत्री स्वतःच संस्थाचालक असतात म्हणा.

नाशकात आता दोन राज्य विद्यापीठं आहेत, मुक्त आणि आरोग्य. खासगी मेडिकल कॉलेजांतली पोरं, त्यांच्या परीक्षा, संलग्नता हे सगळं आरोग्य विद्यापीठाच्या हातात. त्याचा कुलगुरू कोण असावा याची शेवटची सही राजभवनात होते. तिथे बसणाऱ्याच्या घरात एखादं मेडिकल कॉलेज आहे का, हे नेमणुकीआधी जाहीर करायची सक्ती आजही नाही. नगरसेवकाच्या उमेदवाराला मात्र आपल्या दागिन्यांचे ग्रॅमसुद्धा लिहून द्यावे लागतात.