गणवेश आला, पथक कुठे आहे?

स्काऊटचा गणवेश घातलेली मुले जिल्हा परिषदेच्या शाळांतून दिसू लागली तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना जे दोन मोफत गणवेश द्यायचे ठरविले, त्यांतला एक नेहमीचा आणि दुसरा स्काऊट-गाईडचा. कापड सरकार घेणार, शिलाई बचत गटांच्या महिला करणार. पुढे काय झाले ते पालकांना ठाऊक आहे. अर्धे वर्ष सरत आले तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत, पोहोचले त्यांतले कित्येक मापात बसेनात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. कापडावर आणि शिलाईवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच झाले. पण ज्या पथकाचा हा गणवेश, ते पथक शाळेत आहे काय, हा प्रश्न मात्र आमच्या वाचनात आला नाही.

आपल्या वस्तीत स्काऊट म्हणजे २६ जानेवारीला झेंड्याजवळ गळ्यात स्कार्फ घालून उभी राहिलेली दहा पोरे, एवढीच ओळख आहे. खरे पथक वेगळे असते. सहा-आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. दोराच्या गाठी, प्रथमोपचार, होकायंत्रावरून दिशा काढणे, तंबू ठोकणे, रानात चूल मांडून भांड्यांशिवाय स्वयंपाक करणे आणि रात्री शेकोटीभोवती बसणे. प्रथम सोपानापासून राज्य पुरस्कार आणि पुढे राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पायऱ्या आहेत. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडचा वेगळा कोटा आहे, हे आपल्या किती पालकांना माहीत आहे?

या चळवळीचा भारतातला आरंभही जाणून घ्यावा. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये पहिले शिबिर घेतले आणि १९०९ साली बंगळुरात पथक निघाले. पण ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी! हिंदी पोरांना त्यात प्रवेश नव्हता. त्यांच्या हाती संघटन आणि कवायत देणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा अ‍ॅनी बेझंट, पं. मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी हिंदी मुलांसाठी वेगळ्या संस्था काढल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले नागपूरचे व्हिव्हियन बोस हेही या कामात होते. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सारे प्रवाह एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली. गोऱ्याने दार लावले म्हणून ज्यांना राग आला, त्यांनी आपल्या गावातल्या महारवाड्यासाठी दार किती उघडले, हा प्रश्न आम्ही इतिहासकारांवर सोडतो. आम्हाला आजच्या दाराविषयी बोलायचे आहे.

स्काऊटमध्ये 'खरी कमाई' नावाचा उपक्रम असतो. मुलांनी स्वतः श्रम करून चार पैसे मिळवायचे. पूर्वी मुले घरोघर जाऊन झाडलोट, भांडी, बागेला पाणी अशी कामे करीत. श्रमाची लाज जावी हा हेतू. हेतू चांगला आहे, पण ज्या मुलीची आई रोज त्याच घराचे अंगण झाडते, तिने गणवेश घालून तेच अंगण पुन्हा झाडण्यात कसले संस्कार? श्रमाची लाज ज्यांना आहे त्यांना तो धडा द्यावा. आमच्या पोरांना श्रम शिकवायला कोणी नको. अलीकडे बहुतेक शाळांत खरी कमाई म्हणजे खाऊचे स्टॉल, असे रूप झाले आहे. मुले घरून पदार्थ करून आणतात आणि मैदानात विकतात.

अशाच एका खरी कमाईच्या दिवसानंतर आमच्या कार्यालयात एक बाप आला होता. गवंडीकाम करणारा. त्याची मुलगी सहावीत होती. तिने आणि वस्तीतल्या तिच्या मैत्रिणीने पोह्यांचा स्टॉल लावला. पहाटे उठून आईने पोहे करून दिले होते. शेजारच्या सगळ्या स्टॉलवरचे डबे दुपारपर्यंत रिकामे झाले, या दोघींचे पातेले तसेच राहिले. कोणी शिवी दिली नाही, कोणी 'तुमच्या हातचे नको' म्हटले नाही. फक्त कोणी आले नाही. मुलीने घरी येऊन पातेले ठेवले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे नाही म्हणाली.

"वकीलसाहेब, याची केस होत नाही का?" बापाने विचारले.

आम्ही पंधरा-सोळा वर्षे वकिली करतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे, पण बहिष्कार कोणीतरी टाकावा लागतो, निदान तशी धमकी द्यावी लागते. येथे टाकणारा कोण? बारा वर्षांची पोरे? कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, पण एखाद्याने कोणाचे पोहे खावेत अशी सक्ती कोणतेही न्यायालय करू शकत नाही. आम्ही त्याला खरे ते सांगितले. केस होत नाही. तो बराच वेळ गप्प बसून होता.

तरी आम्ही शाळेत गेलो. गाईडचे काम पाहणाऱ्या बाई समजदार निघाल्या, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्याही हे लक्षात आले होते, उपाय सुचला नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो की बाई, तुमच्याच पुस्तकात संघ सांगितला आहे, मग स्टॉल मैत्रिणी-मैत्रिणींचा का? संघाचा करा, आणि संघ पाडताना वस्तीवार पाडू नका. पुढच्या वर्षी तसे झाले. एका संघात आठ मुली, सगळ्या आळींतल्या, आणि पदार्थ घरून आणायचा नाही, शाळेतच चूल मांडून करायचा. कांदा कोणी चिरला, फोडणी कोणी दिली, हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. पातेले रिकामे झाले. याने जात गेली असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण आठ मुलींनी एका चुलीवर रांधले आणि उरलेले एकत्र बसून खाल्ले. बाबासाहेबांनी जातीच्या मुळाशी जाताना रोटी-बेटी बंदीवर बोट ठेवले होते. त्यातली निम्मी बंदी या मैदानात निदान एक दिवस मोडली. शिबिराचे महत्त्व आम्ही येथे मानतो. डोंगर आणि तंबू हे निमित्त. पाणी कोण आणतो, भांडी कोण घासतो, संघनायक कोण होतो, हे पाहा. पाण्याची बादली रोज एकाच वस्तीतल्या पोराच्या हाती आणि शिटी रोज दुसऱ्याच्या हाती असेल, तर ते शिबिर जात शिकवते.

दुसरी अडचण आपले पालक नेहमी सांगतात. स्काऊटच्या प्रार्थनेत परमात्मा आहे, वचनात ईश्वर आहे, मग बौद्धाच्या मुलाने काय करावे? बांधवहो, नियम वाचा. वचनात ईश्वराऐवजी 'धर्म' हा शब्द घेण्याची मुभा संस्थेच्या नियमातच दिलेली आहे. ती मागून घ्यावी लागते, एवढेच. प्रार्थनेचे म्हणाल तर १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना काढले होते. राष्ट्रगीताबाबत जर हा न्याय, तर प्रार्थनेच्या वेळी शांत उभ्या राहणाऱ्या मुलाला कोण काढणार? एवढ्या कारणावरून मैदान सोडणे शहाणपणाचे नाही.

आणि मैदान आपण सोडलेच आहे, हे मान्य करू या. ज्या समाजाने समता सैनिक दल उभे केले, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंच्या सागराला ज्याच्या तरुणांनी शिस्त लावली, त्या समाजात आज बाप पोराला म्हणतो, खेळून काय कलेक्टर होणार आहेस? बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते आपण घट्ट धरले, 'संघटित व्हा' याचा अर्थ मात्र सभेला जाणे एवढाच उरला. मे महिन्यात विहारांतून बालसंस्कार शिबिरे होतात, श्रामणेर शिबिरे होतात, ती व्हावीतच. पण वर्षाचे उरलेले दिवस वस्तीतली पोरे संध्याकाळी कबड्डी खेळायला कोणाच्या मैदानावर जातात, आणि खेळ संपल्यावर तेथे त्यांना काय ऐकविले जाते, हे कधी पाहिले आहे का?

आपल्या पोरांत दम नाही असे कोणी म्हणू नये. २५ मे २०१४ रोजी मालवत पूर्णा ही निजामाबाद जिल्ह्यातल्या शेतमजुराची आदिवासी मुलगी १३ वर्षे ११ महिने वयाची असताना एव्हरेस्टवर पोहोचली. सोबत दलित समाजातला साधनपल्ली आनंदकुमार होता. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. भोंगीरच्या खडकावर त्यांची तयारी सुरू झाली. त्या शाळांचे सचिव असलेले आर. एस. प्रवीणकुमार या आय.पी.एस. अधिकाऱ्याने ते घडवून आणले. आपल्याकडे २०१८ साली चंद्रपूरच्या आदिवासी आश्रमशाळांतले पाच विद्यार्थीही एव्हरेस्ट चढून आले. सत्कार झाले, फोटो छापून आले. पण एका अधिकाऱ्यावर किंवा एका मोहिमेवर सारे उभे असले की अधिकारी बदलला, निधी संपला की काम थांबते. वस्तीच्या पोराला दर शनिवारी मैदानावर नेणारे पथक लागते.

ते कुठून आणायचे? कायद्यात जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत तर वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ नये ही जबाबदारी याच कायद्याने सरकारवर टाकली आहे. गणवेशाचा अधिकारही आता समितीकडे आला आहे. मग त्याच बैठकीत विचारा की पथकाची नोंदणी केली काय, प्रशिक्षित शिक्षक किती, शिबिराला कोणती मुले गेली, संघनायक कोण. उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्या. शिक्षकांना निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामे असतात, ही त्यांची अडचण खरी आहे. तेथे वस्तीतल्या निवृत्त सैनिकाने, पोलिसाने, एन.सी.सी. केलेल्या तरुणाने शाळेला हात द्यावा. असे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

त्या गवंडी बापाला आम्ही समितीवर जायला सांगितले. त्याचा धाकटा मुलगा त्याच शाळेत आहे. तो म्हणाला, "साहेब, बैठक बारा वाजता असते. मजुरी बुडते." बैठक सुट्टीच्या दिवशी ठेवावी असा अर्ज आम्ही त्याला लिहून दिला आहे. मुख्याध्यापकांचे उत्तर अजून यायचे आहे.