मैदान कुणाचे?

शहापूर-मुरबाडच्या गावांत भातकापणी उरकली की कबड्डीचे मैदान आखले जाते. खेळाडू शेतमजूर वा कंत्राटी कामगार, खर्च वर्गणीचा, प्रेक्षक हेच मंडळाचे आधारस्तंभ. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले, २०१४ पासून व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. गुणवंताला पैसा मिळाला, हे स्वागतार्हच. परंतु त्याला घडविणाऱ्या मंडळाच्या वाट्याला काय? तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात; खेळाचेही तेच होऊ नये. लिलावाच्या रकमेत मूळ मंडळाचा हिस्सा हवा. तोवर निदान गावचे मैदान तरी बिल्डरच्या घशात जाऊ नये, यासाठी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडले पाहिजेत.