आकाशाचे भाडे कोण भरणार?

विमानातून इंटरनेट पुरवायचे, असे कोणी म्हटले की आपल्यासारख्या संसारी माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘परवडेल का?’ प्रश्न रास्तच आहे.

राजापूर तालुक्यातले नाटे घ्या. वर कातळाचे सडे, उतारावर वाड्या आणि समोर जैतापूरची खाडी. टॉवर सड्यावर उभारला तर खालच्या वाडीला डोंगर आड येतो. विमानाला ती अडचण नाही.

कल्पना तशी जुनीच. १९६१ साली अमेरिकेत दोन डी.सी.-६ विमाने तेवीस हजार फुटांवर घिरट्या घालीत सहा राज्यांतल्या शाळांना टेलिव्हिजनचे धडे दाखवीत. फोर्ड प्रतिष्ठानचे अनुदान होते तोवर ठीक चालले. पुढे शाळांच्या वर्गणीतून खर्च निघेना. १९६८ साली विमाने उतरली ती कायमचीच.

आपल्या काळात फेसबुकने ‘अक्विला’ हे सूर्यशक्तीवरचे विमान केले. पंख बोइंग ७३७ पेक्षा रुंद! २०१८ साली तो नाद सोडला. गूगलवाल्यांच्या ‘लून’ फुग्यांनी २०२० साली केनियात ग्राहकांना सेवा दिली. पण सहाच महिन्यांत, खर्च पुरेसा खाली येत नाही म्हणून, गाशा गुंडाळला. यंत्र चालले, दुकान चालेना.

नाट्यावर विमान फिरवाल तर निम्मे वर्तुळ अरबी समुद्रावर पडेल. तिथे गिऱ्हाईक कोण? साखरीनाट्याचे मच्छीमार, आणि त्यांचीही मासेमारी जून-जुलैत बंद. शिवाय आपल्याकडे मोबाइलचा डेटा इतका स्वस्त, की चार वाड्यांच्या रिचार्जमधून विमान पोसणे अशक्य. व्यापारी हे करणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण मे २०२१ चे तौक्ते वादळ आठवा. कोकणात गावेच्या गावे अंधारात, फोन मुके आणि मुंबईतल्या मुलांना घरची खुशाली कळेना. अशा दिवसांपुरते विमान सरकारने बाळगावे, असे मला वाटते. आगीच्या बंबाने नफा किती केला, हे कुठली नगरपालिका विचारते?

मात्र त्यातही मेख आहे. ‘अक्विला’चा पंख २०१६ साली पहिल्याच उड्डाणात, उतरताना वाऱ्याच्या झोताने मोडला होता. म्हणजे वादळाची वर्दी येताच असले विमान दूरच्या कोरड्या मुलखातून आधीच वर चढवायला हवे. आणि वादळ कोकण सोडून भलतीकडे वळले, तरी त्या उड्डाणाचे बिल येईलच.