सूचनावही आणि जेंटू

"मामा, एका ओळीत भागतंय तर चाळीस ओळी कशाला?" असे म्हणून भाच्याने फोन ठेवला. माझे उत्तर राहिले, ते इथे.

जेंटू लिनक्सवर प्रोग्रॅम बहुधा आपल्याच संगणकावर मूळ कोडवरून बांधून घेतात. कशात काय हवे-नको ते 'यूज फ्लॅग' सांगतात. मेक डॉट कॉन्फमध्ये लिहिले की सगळ्यांना लागू. पॅकेज डॉट यूजमध्ये लिहिले की नाव घेतलेल्या पॅकेजपुरते, आणि दोघांचे पटले नाही तर हे दुसरे वरचढ. पहिली म्हणजे शाळेची सूचनावही, शिपाई वर्गावर्गांतून फिरवतो ती. दुसरा एकेका मुलाच्या वहीतला शेरा.

भाच्याची सूचनावही नुसत्या वजाबाक्यांनी भरली आहे. त्यावर कडी म्हणजे 'वजा तारा'! प्रोफाइलने विचार करून दिलेले सगळे एका फटक्यात पुसायचे, मग एकेक मोडेल तसे परत जोडत बसायचे. याला तो स्वच्छता म्हणतो.

मीही हे पाप केले आहे. 2014 साली घरात ब्लूटूथचे काही नव्हते म्हणून मेक डॉट कॉन्फमध्ये 'वजा ब्लूटूथ' लिहून मोकळा झालो, आणि विसरलो. पाइपवायरचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पुढे आवाजासाठी ते घेतले, तेही या जुन्या हुकुमाखाली बिनआवाजी ब्लूटूथशिवाय बांधले गेले. गेल्या वर्षी कानाला यंत्र लागले, ब्लूटूथचे. लेकीचा परदेशातून व्हिडिओ कॉल. ओठ हलताना दिसताहेत, शब्द कानात नाही. तीन संध्याकाळी मी यंत्राला दोष दिला. शेवटी ती ओळ सापडली. ती काढली, इमर्जला 'चेंज्ड-यूज' सांगून चारदोन पॅकेजेस पुन्हा बांधली, आणि लेकीचा आवाज आला.

न जन्मलेल्या मुलाला आधीच शिक्षा ठोठावणारी सूचना ती! पॅकेजपुरते लिहिले असते तर पाइपवायर सुटले असते.

सूचनावही कोरीच ठेवा असे मात्र नाही. भाषा कोणत्या हव्यात, हे सगळ्यांना एकदाच सांगावे. पण 'ऑटोअनमास्क' सुचवील ते डोळे मिटून पॅकेज डॉट यूजमध्ये कोंबणारेही मला पसंत नाहीत. मी प्रत्येक ओळीवर हॅशचे चिन्ह घालून कारण आणि तारीख लिहितो. चाळीस ओळी होतात, होऊ देत.

असो. भाच्याच्या सूचनावहीत 'वजा कप्स' अजून आहे. परवा म्हणत होता, प्रिंटर घेतोय.