अंगणाबाहेरचें अंगण

आमच्या लहानपणीं फिरावयास म्हणून कोणी बागेंत जात नसे. घरापुढें अंगण होतें, मागें परसदार होतें, आणि मध्यें माणसांनीं भरलेलें घर होतें. मुलें अंगणांत खेळत, घरांतील बायका परसदारीं केळीच्या सांवलींत निवडणटिपण करीत, आणि वडील मंडळी ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत. उजेड, वारा, हिरवाई आणि सोबत या चारहि गोष्टी उंबरठ्याच्या आसपास मिळत, म्हणून त्यांची किंमत कोणी केली नाहीं. पुढें नोकरीच्या निमित्तानें कुटुंबें शहरांकडे आलीं, वाड्यांतून चाळींत व चाळींतून सदनिकेंत गेलीं, आणि अंगण कोठें व केव्हां सुटलें हें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं.

आम्ही बेलपाड्यास राहावयास आलों तेव्हां आमचेंहि असेंच झालें. बेलपाडा हें पनवेल तालुक्यांतील, शीव-पनवेल रस्त्याजवळचें जुनें गांव. आतां तें खारघर नगरांत सामावलें आहे आणि पनवेल महानगरपालिकेच्या हद्दींत येतें. बेल हें झाड आणि पाडा ही लहानशी वस्ती, दोन्ही अजून नांवांत तरी टिकून आहेत. आमचें बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर, तीन पिढ्यांचें, लहानथोर मिळून नऊ माणसांचें. आमच्या मातोश्रींनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. पहिले कांहीं महिने त्या खिडकीपाशीं बसून असत. हळूहळू त्यांचें जेवण कमी झालें, रात्रीची झोंप उडाली, गुडघे आंखडले. डॉक्टरांनीं औषध दिलें आणि रोज थोडा वेळ बाहेर नेण्यास बजावलें. आम्हीं फिरावयास चलण्याचा आग्रह केला, तेव्हां मातोश्रींनीं विचारलें, "अरे, चालेन मी, पण तिथें बसायला जागा कुठें आहे?"

प्रश्न साधा होता, पण आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधण्यांत आमचे दोन-तीन महिने गेले. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हाच प्रश्न, विचारलेला किंवा न विचारलेला, असणार. म्हणून या महिन्याचें हें सदर आम्हीं त्यालाच दिलें आहे.

प्रारंभ अर्थातच सर्वांत मोठ्या उद्यानापासून केला. माघांतील एका रविवारीं दडपे पोहे आणि नारळाच्या वड्या डब्यांत भरून आम्ही नऊहि जण बेलपाडा स्थानकावर मेट्रोंत बसलों. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी धांवते. मार्ग ११ किलोमीटरांचा आणि स्थानकेंहि ११च आहेत. उत्सव चौक, केंद्रीय विहार व खारघर गांव हीं स्थानकें गेलीं कीं चौथें सेंट्रल पार्क. हें उद्यान सिडकोनें शंभराहून अधिक हेक्टरांवर योजिलें आणि २०१० सालीं लोकांस खुलें केलें. पाठीमागें खारघरचा डोंगर, मध्यें लांबच लांब हिरवळ, फिरण्याच्या वाटा, मुलांना खेळावयास ऐसपैस जागा. पावसाळ्यांत याच डोंगरावरून पांडवकडा कोसळतो. तो दुरूनच पाहावा. तेथें अनेकांचे जीव गेले आहेत, आणि पावसाळ्यांत तिकडे जाण्यास बंदीहि घालतात.

मुलें दोन तास धांवलीं. आम्हीहि बऱ्याच वर्षांनीं इतकें आकाश एकदम पाहिलें. मातोश्री थोड्या चालल्या, एका बांकावर टेकल्या, वडी तोंडांत टाकली, आणि परततांना म्हणाल्या, "जागा सुरेख आहे रे. पण इथें यायचें म्हणजे लग्नाला निघाल्यासारखें आहे."

त्यांचें म्हणणें अगदीं खरें होतें. मोठें उद्यान सगळ्या शहराचें असतें. लंडनचें हाइड पार्क १६३७ सालीं सामान्य जनांस खुलें झालें. न्यूयॉर्कचें सेंट्रल पार्क ३४१ हेक्टरांचें आहे. आपल्या मुंबईचा राणीचा बाग १८६२ पासूनचा. अशीं स्थळें शहराचें वैभव होत यांत शंका नाहीं. परंतु लंडनांतच ऑक्टेव्हिया हिल नांवाची एक विदुषी (१८३८–१९१२) होऊन गेली. तिनें गरिबांच्या वस्त्यांत घरें सुधारण्याचें काम केलें, आणि तें करतां करतां तिला दिसून आलें कीं दूरच्या विस्तीर्ण बागेचा उपयोग थकलेल्या माणसाला, म्हाताऱ्याला व तान्ह्या मुलाच्या आईला क्वचितच होतो. त्यांना दाराजवळ, उघड्यावर, बैठकीच्या खोलीसारखी लहानशी जागा हवी असते. तिनें त्यासाठीं वापरांतून गेलेलीं जुनीं दफनस्थानें देखील बागा करण्यास मागितलीं. आमच्या मातोश्रींनीं हिलबाईंचें नांवहि ऐकलेलें नाहीं. पण दोघींचा प्रश्न एकच होता.

मग आम्हीं जवळचा शोध आरंभिला. सिडकोनें वसविलेल्या नगरांचा हा एक मोठा गुण आहे कीं प्रत्येक सेक्टरांत बागेसाठीं लहानमोठे भूखंड आरंभींच राखलेले असतात. नगररचनेच्या केंद्र सरकारी मार्गदर्शिकेंत (२०१४) माणशीं १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असें म्हटलें आहे. इतकी जागा किती शहरांत मिळते, हें वाचकांनीं आपल्याच शहराकडे पाहून ठरवावें. आम्हीं पांच-सहा बागा पायीं हिंडून पाहिल्या. बहुतेकींत घसरगुंडी, झोंपाळे, कडेनें फरसबंदी वाट, मधोमध हिरवळ आणि तिच्या कांठीं बांक असा एकच थाट होता. आमच्या घरापासून सर्वांत जवळची बाग आम्हांस दहा मिनिटांवर व मातोश्रींस वीस मिनिटांवर. वाटेंत मोठा रस्ता एकदांच ओलांडावा लागतो. आम्ही हर्षभरित होऊन पहिल्याच दिवशीं त्यांना सकाळीं अकराच्या सुमारास घेऊन गेलों, तों फाटकाला कुलूप! बाग सकाळीं लवकर व मग संध्याकाळीं उघडते असें कळलें. मातोश्री फाटकाच्या कठड्याला टेकून पांच मिनिटें थांबल्या आणि कांहीं न बोलतां परत फिरल्या.

कुलूप घालणाऱ्यालाहि त्याचीं कारणें असतात. दुपारीं टवाळ मंडळी येऊन बसतात, झोंपाळे मोडतात, राखणदार एकच असतो. परंतु वृद्धांना आणि लहान मुलांच्या आयांना जो वेळ मोकळा मिळतो, नेमक्या त्याच वेळीं बाग बंद, हा व्यवहार आम्हांस उलटा वाटला. आम्हीं इमारतींतील वडीलधाऱ्यांच्या सह्या गोळा करून अर्ज दिला आहे. उत्तर यावयाचें आहे.

दुसरी उणीव त्याहून मोठी, आणि ती सांवलीची. हिरवळ डोळ्यांना गार दिसते, पण तिच्यावर बसणाऱ्याच्या डोक्यावर ऊनच असतें. शोभेसाठीं लावलेल्या ताडवर्गी झाडांची सांवली त्यांच्या बुंध्याएवढी. खारघरमध्यें तर सांवलीचें मोल कोणास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं येथील एका विस्तीर्ण उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. लाखों माणसें भर दुपारीं उन्हांत बसून होतीं, आणि उष्माघातानें १४ जणांचे प्राण गेले. कोंकणपट्टींतील हवा दमट; अशा हवेंत अंगावरचा घाम लवकर सुकत नाहीं, आणि घाम सुकला नाहीं तर शरीरांतील उष्णता बाहेर पडत नाहीं. म्हणून पारा फार चढलेला नसला तरीहि म्हाताऱ्या माणसाला ऊन बाधतें. मोकळी जागा आणि बाग यांत जो भेद आहे तो झाडाचा, हें त्या दिवसानें दाखवून दिलें.

तेव्हां बाग निवडतांना आम्ही प्रथम झाडें पाहूं लागलों. करंज, बकुळ, कडुनिंब यांची सांवली दाट. जागा ऐसपैस असेल तर वड किंवा पिंपळ यांच्यासारखा दाता नाहीं. ताम्हण हें आपल्या राज्याच्या फुलाचें झाड, तें उन्हाळ्यांत जांभळें होऊन जातें. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसण्यांत राजबिंडा, पण उन्हाळ्याच्या आरंभीं ओकाबोका असतो. बेलाचीहि पानें उन्हाळ्यांत झडतात; तरी या गांवाच्या नांवासाठीं प्रत्येक बागेच्या कोंपऱ्यांत एक बेल असावा असें आम्हांस वाटतें. आणखी एक लहानशी गोष्ट: संध्याकाळचें ऊन पश्चिमेचें असतें, म्हणून झाड बांकाच्या पश्चिमेस हवें. लावणाऱ्यानें इतकें पाहिलें तर खर्च एका पैशानेंहि वाढत नाहीं.

अखेरीस त्याच जवळच्या बागेंत, फाटकापासून दूर, एका करंजाखालचा बांक सांपडला. संध्याकाळीं पांचनंतर मातोश्री तेथें जाऊं लागल्या. आठ-दहा दिवसांत त्यांना एक मैत्रीणहि मिळाली. ती येथल्याच गांवठाणांतली, आगरी समाजाची, साधारण त्यांच्याच वयाची आजी. तिनें सांगितलें कीं आज ज्या भागांत इमारती आणि बागा आहेत तेथें तिच्या तरुणपणीं भाताचीं खाचरें होतीं. तिनें तेथें आवणी केली आहे. मातोश्रींनीं हें घरीं येऊन सांगितलें तेव्हां आम्ही क्षणभर गप्पच झालों. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजीं झाली, आणि नव्या शहरासाठीं ठाणें व तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर संपादनाची रेषा ओढली गेली. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत पांच शेतकरी गोळीबारांत मृत्युमुखीं पडले. त्या लढ्यांतूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याचें धोरण आलें. आम्ही ज्या हिरवळीवर चपला काढून चालतों तिच्याखालीं कोणाचें तरी शेत आहे, ही जाणीव येथें नव्यानें राहावयास आलेल्या प्रत्येक कुटुंबानें ठेवावी. बागेंत गांवठाणांतील माणसें आलीं कीं कांहीं सुशिक्षित मंडळी बांकावर सरकून बसतात, तें आम्हीं पाहिलें आहे. तें आम्हांस शोभत नाहीं.

एवढें झाल्यावर हें सदर येथेंच संपवावें असें मनांत होतें. मातोश्रींची झोंप परत आली होती, मुलांना खेळावयास मिळत होतें, आम्ही बंधुवर्गहि रोज चार फेऱ्या घालीत होतों. एके रात्रीं जेवतांना त्या बागेची वाखाणणी चालली असतां धाकटी भावजय वाढतां वाढतां हंसून म्हणाली, "भाऊजी, बाग चांगली आहे म्हणतात. मी आपली ऐकूनच आहें."

आम्हीं हिशेब केला. दोन्ही सुना नोकरी करितात. घरीं येतात तों साडेसहा होतात. त्यानंतर देवापाशीं दिवा, कणीक, मुलांचा अभ्यास, उद्यांची भाजी. बाग उघडी असण्याचा वेळ आणि चुलीपाशीं उभें राहण्याचा वेळ एकच. तीन महिन्यांत त्या दोघी एकदांहि बागेंत गेल्या नव्हत्या, आणि ही गोष्ट बागेवर लेख लिहावयास निघालेल्या आमच्या ध्यानांतहि आली नव्हती. फाटकाचें कुलूप दिसलें, पण घरांतलें दिसलें नाहीं.

एकत्र कुटुंबाचा खरा लाभ असा कीं हात पुष्कळ असतात. फक्त ते लावावे लागतात. आतां सोमवार, बुधवार व शुक्रवार या तीन संध्याकाळीं स्वयंपाक आम्ही बंधु आणि मोठीं मुलें मिळून करितों. पहिल्या आठवड्यांतील आमची आमटी कोणाच्या घशाखालीं उतरेना. मातोश्रींनीं मात्र ती मुकाट्यानें खाल्ली. आतां बरी होते. त्या तीन दिवशीं सुना कचेरींतून परस्पर बागेंत जातात आणि करंजाखालीं सासूबाईंजवळ बसून मगच घरीं येतात. तेथें काय बोलणीं होतात तें आम्हांस कळत नाहीं, आणि आम्ही विचारीतहि नाहीं.

आमच्यापुरतें या शोधाचें फलित एवढेंच. मोठें उद्यान महिन्यांतून एखाद्या रविवारीं अवश्य पाहावें. रोजच्यासाठीं मात्र चालत जातां येईल अशी, सांवली व बांक असलेली आणि आपल्या मोकळ्या वेळीं उघडी असणारी बाग शोधावी. आणि तो मोकळा वेळ घरांतल्या प्रत्येकास मिळतो कीं नाहीं, हें घरींच पाहावें. वाचकांनीं आपापल्या गांवच्या अशा एखाद्या जागेविषयीं आम्हांस अवश्य लिहावें. तेथें कोणकोण जातें, हें लिहावेंच. पण आपल्या घरांतून कोण जात नाहीं, हेंहि लिहावें.