चटणी एक पुडा कमी न्या, साबण न्या



परदेशी निघताना आपली निम्मी बॅग खाण्यानेच भरते. साबण काय, तिकडेही मिळेल, असे म्हणून तो आपण काढून ठेवतो. टेंभुर्णीहून लंडनला मुलीकडे निघाले तेव्हा बॅग 23 किलोच्या वर गेली. ह्यांनी सहा साबण बाहेर काढले. शेंगाचटणी राहिली.

आठवडाभर मुलीकडचाच साबण वापरला. पांढराशुभ्र, फेस भरपूर. एका दुपारी सहज खोके हातात घेतले. कॉमर्सवाल्यांना बारीक अक्षर वाचल्याशिवाय राहवत नाही. पहिलाच घटक होता सोडियम टॅलोवेट. मुलीने फोनवर पाहिले आणि गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "आई, जनावरांची चरबी आहे गं ती."

उरलेले दिवस मी बेसनाने आंघोळ केली.

घरी परतल्यावर एक जण म्हणाल्या, "साबण काय खायचा असतो का?" चामडेही आपण खात नाही, तरी मंदिरात जाताना पट्टा काढतोच ना? 1983 साली वनस्पती तुपात चरबीची भेसळ उघडकीला आली, तेव्हा घरोघरी डबे बाहेर गेले. साबणाकडे मात्र कुणी पाहिले नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद सांगितला आहे. आठवडाभर अजाणता झाले, त्याचे मी मनाला फार लावून घेतले नाही. पण वाचता येत असून वाचले नाही, ते मला लागले.

म्हणून चार नावे लिहून ठेवा. पामेट म्हणजे पामतेल आणि कोकोएट म्हणजे खोबरेल, हे चालतात. लॅनोलिन ही मेंढीच्या लोकरीतली चरबी. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून करतात. खोक्यावर तो 'सीआय 75470' असा लपलेला असतो. ग्लिसरीन दोन्हीकडून येते, नुसत्या नावावरून कळत नाही. इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटीचे सूर्यफुलाचे चिन्ह असले तर निर्धास्त घ्या. सशाच्या चित्रावर मात्र जाऊ नका. प्राण्यांवर चाचणी केली नाही, एवढाच त्याचा अर्थ; आत काय आहे ते तो सांगत नाही. अगदीच अडले तर वेम्बलीच्या ईलिंग रोडवर आपल्याकडच्या वस्तूंची दुकाने आहेत.

पण खरे सांगू? साबणाच्या दोन वड्या आणि दंतमंजनाची डबी यांना वजन ते किती! 100 मिलीचा नियम हातातल्या बॅगेतल्या पातळ वस्तूंना आहे, साबणाच्या वडीला नाही.

परत आल्यावर घरचे कपाटही काढले. साबणावर हिरवा ठिपका होता, बरे वाटले. मग थंडीत ओठांना लावायची डबी चष्मा लावून वाचली. सेरा अल्बा, म्हणजे मधमाश्यांचे मेण. मी मध खात नाही, हे दहा वर्षे सगळ्यांना सांगत होते, आणि ओठांवर हे.